मुलीला पोर्चमध्येच ठेव

माझी लेक कुत्र्याच्या पट्ट्यानं बांधलेली होती. पट्टा कमरेला, साखळी पोर्चच्या ग्रिलला. तीन वर्षांची पोर. फरशी तापलेली, म्हणून उकिडवी बसलेली. पुढं कुत्र्याचं स्टीलचं भांडं. दोन्ही हातांनी ते धरून ती पाणी पीत होती.

कुत्रा आत होता. हॉलमध्ये, कूलरपुढं.

मी गच्चीवर कपडे वाळत घालून खाली आले, तर हे दिसलं. सोनीनं माझ्याकडं बघितलं. रडली न्हाई. रडून झालं होतं तिचं.

लातुरातल्या त्या बंगल्यात मी धुणीभांडी करायची. मॅडम क्लासमध्ये शिकवायच्या, डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरांना. साहेब बँकेत. त्यांचा अद्वय सोनीच्याच वयाचा. तो पाळणाघरात जायचा, सोनी अंगणवाडीत. मग कोरोना आला. दोन्हीला कुलूप. माझा नवरा हैदराबादला सेंट्रिंगच्या कामावर, तिकडंच अडकला. सासू निलंग्याकडं गावात. गावानं वाटेवर बाभळीच्या काट्या टाकलेल्या, कुणाला आत येऊ देईनात. लेकरू ठेवायचं कुठं?

बंद जरा सैल झाला आन् मॅडमचा फोन आला. "माझे ऑनलाइन लेक्चर्स सुरू झालेत. अद्वयला बघायला कोणी नाही. दिवसभर ये."

"माझ्या सोनीलाबी बघायला कुणी न्हाई मॅडम. संगं आणू का?"

"आण. पण आत नको हं. तुमच्या वस्तीत किती पेशंट निघालेत. मुलीला पोर्चमध्येच ठेव."

मी त्याच वस्तीतनं यायची. मी आत आलेली चालायची. अद्वयला मांडीवर घेऊन मी भरवलेलं चालायचं. माझे हात चालायचे, माझं लेकरू चालायचं न्हाई. विटाळ रोगाचा का जातीचा, ते त्या कधी बोलल्या न्हाईत. पण माझा कप वेगळा होता. कोरोना यायच्या लई आधीपासनं. मोरीच्या कट्ट्यावर, पालथा.

महिना भरला. पगार कमी आला.

"पाळणाघरवाल्यांनी अर्धी फी मागितलीय, अद्वयची जागा राहावी म्हणून," मॅडम म्हणल्या. "थोडं तूही समजून घे."

पाळणाघराचं काम मी करून राहिले होते. पैसे बंद पाळणाघराला. ते बी माझ्या पगारातनं. मी समजून घेतलं. म्हणजे हसून पैसे घेतले.

सोनी पोर्चमधनं "आई, आई" करायची. लेक्चरमध्ये आवाज जातो म्हणून घरनंच काम करणारे साहेब उठून खिडकी लावायचे. अद्वय रडला की सगळं घर उठायचं.

त्या दिवशी सोनी गेटच्या बाहेर गेली म्हणे. म्हणून मॅडमनं बांधली. मला हाक न मारता.

मी पट्ट्याचं बकल काढाय लागले. घट्ट बसलेलं, निघंना. मॅडम दारात आल्या. कानाला हेडफोन.

"अगं, तिच्याच काळजीनं बांधलं. गाडीखाली आली असती म्हणजे?"

"कुत्र्याच्या पट्ट्यानं, मॅडम?"

"नवीन आहे तो. पाणीपण मीच ठेवलं. भांडं धुतलेलं आहे."

"अद्वयला बांधलं असतं का असं?"

मॅडम हसल्या. खरंच हसल्या. "त्याला सवय नाही गं. तुमची मुलं काटक असतात."

काटक. हा शब्द मी आधी ऐकला होता. मी लहान असताना औशाला आई दुसऱ्यांच्या घरी कामाला जायची. मी बाहेर उन्हात पायरीवर. तिथल्या बाईनं माझ्याकडं बघून हेच म्हणलं होतं. आई तवा हसली होती. तिचं बघून मी हसायला शिकले. कमी पगारावर हसले, पालथ्या कपावर हसले. आता सोनी माझ्या तोंडाकडं बघून राहिली होती. मी काय करते ते बघत होती.

मी हसले न्हाई.

बकल निघालं. कमरेवर लाल वळ. मी तिला उचललं आन् चपलेसकट आत गेले. हॉलमध्ये. सोफ्यावर बसवली.

"उतरव तिला!" मॅडम किंचाळल्या. "अहो, सॅनिटायझर आणा!"

साहेबांनी बाटली आणली आन् माझ्या लेकराच्या तोंडावर फवारा मारला. डोळ्यात गेला. आता सोनी रडली. गुरासारखी ओरडली.

मी स्वयंपाकघरात गेले. त्यांच्याच ग्लासात पाणी घेतलं. सोनीचे डोळे धुतले, पुन्हा पुन्हा धुतले. सोफा भिजला. भिजू दे. मग त्याच ग्लासानं तिला पाणी पाजलं आन् ग्लास टेबलावर ठेवला.

"आजपासनं तुमचं लेकरू तुम्ही सांभाळा."

अद्वयनं माझा पदर धरला. माझ्या हातनं जेवणारं, माझ्या मांडीवर झोपणारं लेकरू. त्याचा गुन्हा काहीच न्हवता. मी त्याची बोटं एक एक करून सोडवली. तो दारापर्यंत रडत आला. मी वळून बघितलं न्हाई.

आठवड्याभरानं मॅडमची गाडी वस्तीच्या तोंडाशी आली. खाली उतरल्या न्हाईत. काच थोडी खाली केली.

"अद्वय जेवत नाहीये. पगार वाढवून देते. तिला हवं तर व्हरांड्यात बसव."

पोर्चमधनं व्हरांड्यात. एवढीच बढती.

"हॉलमध्ये बसंल," मी म्हणले. "अद्वयसंगं. त्याच्या ताटाशेजारी."

काच वर गेली.

मग कॉलनीभर झालं, ती बाई चोरटी हाय, तोंडाळ हाय. एकबी घर मिळंना. मी डाळ मिलमध्ये झाडायला लागले. भुशानं सोनीला खोकला धरला. पोत्यांवर बसून खोकत राहायची. कैक दिवस नुसत्या चहात भाकर बुडवून खाल्ली. परत जावं वाटलं का? वाटलं. गेले न्हाई.

आता सोनी शाळेत जाती. वस्तीतली कोणी नवी बाई घरकामाला निघाली की पहिल्या दिवशी मी तिच्यासंगं जाते. तिचं लेकरू काखेत घेते आन् दारातच मालकिणीला विचारते, "हे कुठं बसंल?" "बाहेर" असं उत्तर आलं की आम्ही तिथनंच माघारी फिरतो. मला भांडकुदळ म्हणतात. म्हणू द्या.

उद्या पुन्हा रोग येवो, पुन्हा पाळणाघरं बंद होवोत. आमचे हात पाहिजेत तर आमचं लेकरूबी आत येईल. न्हाईतर तुमची भांडी तुम्ही घासा. तुमचं लेकरू तुम्ही निजवा.