हुरड्याबरोबरची बिअर

आमच्या दाजींइतका बिअरच्या बाबतीत चोखंदळ माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा झाला नाही, आणि बिअरवर एवढा जीव असून इतकी कमी बिअर प्यालेला माणूसही जगाच्या पाठीवर कुठं सापडायचा नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. गेवराईच्या बाजूला एका सहकारी साखर कारखान्यात केमिस्ट होते. उसाचा रस, पाक, मळी यांचे वास घेण्यात त्यांची हयात गेली. यंत्रं आकडे दाखवायची. पण रस आंबायला लागलाय हे यंत्राच्या आधी दाजींच्या नाकाला कळायचं, असं कारखान्यातली माणसं शपथेवर सांगत. बाकी चेहरा साधाच होता. नाक मात्र देवानं सवडीनं घडवलं होतं.

ते बिअर घेत फक्त थंडीत. दिवाळी सरली की सुरुवात आणि संक्रांतीला समाप्ती, तेही आठवड्यातून एकदा, एकच ग्लास. ग्लास म्हणण्यात अर्थ नाही, कारण त्यांचं पात्र म्हणजे शाळेत आपण ज्याला चंचुपात्र म्हणायचो ते, बाहेरून रेघा मारलेलं. स्टीलच्या पेल्याला भांडी घासायच्या राखेचा वास येतो, असं त्यांचं म्हणणं. एकदा चौसाळ्याला ऐन मे महिन्यातल्या लग्नात कुणीतरी मोठ्या प्रेमानं गार बाटली त्यांच्या हातात दिली. दाजींनी ती तशीच परत केली. उन्हाळ्यात माणसाला तहान लागते, तहानेला पाणी असतं, आणि बिअरला पाण्याचं सोंग घ्यायला लावणं हा तिचा अपमान आहे, हे त्यांनी वराच्या मामाला इतक्या सविस्तर समजावलं, की मामा जेवायचे राहिले.

मी पुण्यात नोकरीला. तिथं लहान लहान कारखान्यांतून निगुतीनं केलेल्या बिअर मिळायला लागल्या, तेव्हापासून थंडीची खरेदी माझ्या गळ्यात पडली. नुसतं नाव वाचून बाटली उचललेली दाजींना चालत नसे. काळी आहे की तांबूस, धान्य किती भाजलंय, गोडी जिभेच्या टोकाला येते की मागं, हे सगळं दुकानदाराला विचारून मग दाजींना फोन करायचा. दुकानदार मला आयकरवाला समजायचा. मग त्या चार-पाच बाटल्या गोधडीत गुंडाळून मी बीडला न्यायचो. दाजी त्या फ्रिजमध्ये ठेवू देत नसत. "थंडीत गार पिणं म्हंजी भिजलेल्या माणसाला न्हाऊ घालणं," ते म्हणत. खिडकीत तासभर ठेवलेली काळी बिअर, समोर निखाऱ्यावर भाजलेला ज्वारीचा कोवळा हुरडा आणि लसणाची चटणी. कोणती बिअर हुरड्याला शोभेल आणि कोणती बाजरीच्या भाकरीला, हा त्यांचा थंडीतला खरा अभ्यास. माझ्या बहिणीला, म्हणजे अक्काला, यातलं काही नको असायचं. ती हुरडा चोळून द्यायची आणि आपल्या कामाला लागायची.

मग लागोपाठ दुष्काळ पडले. दुसऱ्या वर्षी ऊसच उरला नाही, आणि कारखान्याचा हंगाम सुरूच झाला नाही. प्रयोगशाळेला कुलूप लागलं. गावंच्या गावं ऊसतोडीसाठी पश्चिमेकडं निघाली, आणि त्याच आठवड्यात दाजी पिशवी घेऊन माझ्या दारात उभे राहिले. काहीतरी काम बघायला आले होते. "माणसं कोयता घिऊन निघाली, मी नाक घिऊन आलो," एवढंच ते म्हणाले आणि हसले. पण ते हसणं डोळ्यांपर्यंत पोचलं नाही.

त्यांचं मन रमावं म्हणून मी त्यांना शहराबाहेरच्या एका छोट्या बिअर कारखान्यात घेऊन गेलो. मालक दाढी वाढवलेला, केसांची शेंडी बांधलेला तरुण होता. त्या बिचाऱ्याची थंडीसाठी केलेली काळी बिअर बिघडली होती, आणि कशानं ते त्याला उमगत नव्हतं. धान्य तेच, कृती तीच. दाजींनी एक घोट तोंडात घोळवला.

"पाणी कुठलं हाय?"

आमचं गाळून घेतलेलं असतं, असं मालक सांगू लागला.

"गाळणं ऱ्हाऊ द्या. टँकर कवापासून येतोय?"

मालकाची बोअर तीन आठवड्यांपूर्वी आटली होती. त्याला वाटलं, हा काही चमत्कार आहे. दाजी म्हणाले, चमत्कार कसला, दोन वर्षं आम्ही टँकरचंच पितोय. टँकर कोणत्या विहिरीवर भरला ते आमच्याकडं लहान लेकरू बी चवीवरून सांगतंय.

मालकानं तिथंच नोकरी देऊ केली. दाजींनी उत्तर द्यायच्या आधी उलट त्यालाच विचारलं, की एक ग्लास बिअर तयार व्हायला पाणी किती ग्लास लागतं. पोरगा प्रामाणिक होता. धुण्या-विसळण्यासकट कितीतरी ग्लास जातात, हे त्यानं लपवलं नाही. दाजींनी हातातलं भांडं खाली ठेवलं. उद्या सांगतो म्हणाले आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अक्काला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं. तुम्ही काम नाकारलंत म्हणून आमच्या आडाला पाणी येणार नाही, असं ती म्हणाली, पण जी बिअर कराल ती पुन्हा ओतून द्यायची पाळी येणार नाही अशी करा. दाजींनी नोकरी धरली आणि स्वतःला एक अट घालून घेतली: पाऊस पडेपर्यंत पूर्ण ग्लास प्यायचा नाही. ते घोट घेत, तोंडात फिरवत आणि थुंकत. पात्रात उरलेली बिअर आवारातल्या कडुनिंबाला जाई. त्या वर्षी तो कडुनिंब फार तरारला.

त्या थंडीत कोणत्या बिअर बाहेर पाठवायच्या, याची निवड दाजींवर सोपवली होती. मालकानं इंग्रजीत लांबलचक नावं काढून ठेवली होती. दाजी चाखत आणि म्हणत, ही हुरड्याची, ही बाजरीच्या भाकरीची, ही तिळाच्या पोळीची. एक मात्र त्यांनी नुसती हुंगून बाजूला सारली. ही कुणाचीच न्हाई, म्हणाले. मालकाला गंमत वाटली, त्यानं कारखान्यातच गिऱ्हाइकांना बसायला केलेल्या खोलीतल्या फळ्यावर तसंच लिहिलं. हुरडा कशाशी खातात हे ठाऊक नसलेली पुण्याची मंडळी महिनाभर 'हुरड्याची एक' मागत होती. दाजी लांब उभे राहून त्यांच्या तोंडाकडं बघत. पहिल्या घोटाला माणूस कसा दिसतो याचं त्यांना भारी कुतूहल होतं.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. वर्षभरात ऊस उभा राहिला आणि कारखान्यातून निरोप आला. मालकानं फार गळ घातली, पगार वाढवतो म्हणाला. दाजी म्हणाले, तिथं माझं नाक नोकरीला हाय, हितं नुसतं पाहुणं आलं होतं.

निवृत्तीला वर्ष राहिलं असताना त्यांना मोठा ताप आला. ताप उतरला, पण वास गेला तो परतलाच नाही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. दाजी रोज सकाळी ओवा चोळून नाकाशी धरत, मग डबीचं झाकण लावून ठेवून देत. वर्षभर त्यांनी तक्रार केली नाही, पण जेवताना काय खातोय याकडं त्यांचं लक्ष नसे. त्या दिवाळीनंतर बिअर आण म्हणून मला फोनही आला नाही.

तरी मी चार बाटल्या घेऊन गेलोच. दुपारची वेळ, शेतात हुरड्याची आगटी पेटलेली. माझा मान राखायला दाजींनी एक उघडली, ओतली, नाकाशी नेली. मग मला विचारलं, वास कसा हाय. मी म्हणालो, छान आहे.

"पाव्हणं, छान म्हंजी काय वास न्हाई," ते हळूच म्हणाले.

मी ओशाळलो. अक्कानं हुरडा चोळता चोळता हात पुसले आणि ते पात्र त्यांच्या हातातून घेतलं. उभ्या जन्मात तिनं ते कधी नाकाजवळ नेलं नव्हतं. तिनं डोळे मिटले. पात्र नाकाशी धरून एक लांब श्वास घेतला.

"गुऱ्हाळात कढई उतरिवल्यावर काठाला गूळ करपतो, तसा हाय," ती म्हणाली. "आन् मागनं भिजलेल्या गोणपाटाचा. जरासाच."

दाजी आगटीकडं बघत बसले होते. त्यांनी पात्र परत घेतलं, एक घोट घेतला, आणि दुसरी बाटली उघडून आधी तिच्यापुढं धरली.