परातीतला शेवटचा गोळा

काल आईने शेवटची पोळी लाटली, तरी परातीच्या कडेला लिंबाएवढी कणीक होती. ती तिने मुद्दाम ठेवली होती. बाबा होते तेव्हा तेवढी कणीक त्यांच्या गळासाठी असायची. नदीतल्या मिशाळ शिंगाळा माशाला डोळ्यांपेक्षा वासाचं जास्त कळतं, असं ते म्हणत आणि दर रविवारी कणकेत नवा वास मळत. कधी कुटलेली सुकट, कधी बडीशेप, एकदा तर देवघरातलं अत्तर. हिंग मात्र दर वेळी. आई नाकाला पदर लावून म्हणायची, "अशाने असलेले मासेही पळतील." बहुतेकदा बाबा रिकाम्या हातानेच परतायचे आणि म्हणायचे, "हिंग जरा कमी पडला."

अजूनही हिंगाची डबी उघडली की मला आमटी नाही, नदीचा काठ आठवतो. गढूळ पाण्यातून मासा वासामागे यावा, तसं माझं होतं.

"आता कुणासाठी ठेवतेस?" मी विचारलं.

आईने चिमूटभर हिंग त्या गोळ्यात मळला, पदर न लावता तो नाकाशी नेला आणि हळूच म्हणाली, "आता बरोबर झालाय."