कार्य केव्हा शून्य असते?

पायथ्याचं पाली गाव मागं पडलं, सपाटीही संपत आली, तरी भामाबाई निकालाबद्दल अवाक्षर काढीना. डोक्यावर ताकाचा हंडा, काखेत पेल्यांची पिशवी, आणि चाल अशी की मोकळ्या हातानं चालणाऱ्या रत्नाबाईंची दमछाक व्हावी.

रत्नाबाई विंझरच्या हायस्कुलात विज्ञान शिकवतात. राजगडावर पद्मावतीच्या दर्शनाला जायचं झालं की त्यांना सोबत भामाबाईची. भामाबाई गडावर ट्रेकवाल्यांना ताक विकते. आता मात्र तिची मान धरायला लागली होती. रत्नाबाईंच्या शाळेत शिपाईबाईची जागा निघणार होती, पण त्याला दहावी लागत होती. म्हणून पोराबाळांची आई झालेली भामाबाई बाहेरून परीक्षेला बसली. सगळ्या विषयांत निघाली, विज्ञानात राहिली.

"परत बसायचं ना?" रत्नाबाईंनी शेवटी विचारलंच.

"न्हाई बाई. देवीनं हंडा दिलाय, त्यो हाये डोक्यावर."

"अहो, लिंबू-सोड्याचं तुम्हाला येत होतं, गडाचा काळा पत्थर कसा झाला तेही येत होतं. मग अडलं कुठं?"

भामाबाई जराशी लाजली. "त्यो प्रश्न व्हता बगा. कार्य केव्हा शून्य असते? म्या लिवलं, घरात सुतक असल्यावर."

रत्नाबाई वाटेतल्या दगडावर मटकन बसल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं.

"हसताय काय? मामंजी गेले तवा पुतणीचं कार्य फुडं ढकललंच की आमी!"

"अहो, ते लग्नकार्य. पुस्तकातलं कार्य वेगळं. जोर लावला आणि त्या जोराच्या दिशेनं वस्तू सरकली, तर कार्य झालं. मी दरवर्षी फळ्यावर हंडेवाली बाईच काढते. सपाट रस्ता, डोक्यावर हंडा. आता तुमचंच बघा. हंडा तोलायला तुमचा जोर लागतोय वरच्या अंगाला, आणि हंडा चाललाय पुढं. वर काही सरकला नाही. म्हणजे कार्य शून्य."

भामाबाई जागच्या जागी थांबली.

"शून्य?"

"पुस्तकाच्या हिशेबानं."

"मंग पालीपासनं हितवर म्या काय सुतकात चालत आले?"

या वेळी रत्नाबाईंना हसू आलं नाही. कपाळावरून ओघळणारा घाम भामाबाईनं पदराच्या टोकानं टिपला आणि ती पुढं निघाली.

चढ लागला तशा रत्नाबाई मागून म्हणाल्या, "आता बघा, हंडा वर चाललाय. आता होतंय कार्य."

"व्हय?"

"अगदी पुस्तकाप्रमाणं."

भामाबाईनं एक पाय वर ठेवला. "झालं?" दुसरा ठेवला. "आनी आता?" मग लहान पोरीसारखी पायरीपायरीला "झालं, झालं" म्हणत ती चढत राहिली, आणि मागून धापा टाकत रत्नाबाई "हो, झालं" म्हणत राहिल्या.

सावलीला हंडा टेकवून तिनं पहिला पेला रत्नाबाईंच्या हातात दिला. गडाकडं तोंड करून हात जोडले.

"बसते म्या परत. पेपरात तसंच आलं तर शून्यच लिवीन, मला पास व्हायचंय. पर बाई, एक मागते. औंदा आमची पोरगी सोनिया तुमच्या वर्गात येनार. फळ्यावर ती हंडेवाली बाई काढाल ना, तवा सपाटीवरची झाली की तिला चढावरबी काढा."