विरेशचं जावळ आणि चांदीची डबी

उमरग्यात लेकराचा फोटो म्हणजे स्टुडिओतला प्लास्टिकचा गुलाब आणि रडून लाल झालेलं तोंड. फोटोचं दुकान चालवणाऱ्या शिवरंजनीला ते कधीच पटलं नाही. पोर जिथं हुंदडतं तिथंच त्याचा फोटो काढायचा, हा तिचा हेका. "बाई शेतात लोळून फोटो काढती," म्हणून लोक हसायचे. हसेनात का! लोळते तर लोळते.

पण परवा तिचीच फजिती झाली. तिची मैत्रीण शिवगंगा, तिचा मुलगा विरेश तिसऱ्या वर्षात. जावळ निघायच्या आधी त्याच्या कुरळ्या बटांचा एक चांगला फोटो हवा, एवढंच शिवगंगेचं मागणं. शिवरंजनीनं तुरीच्या कडेला पोराला पळवलं, खिदळवलं, शंभरेक फोटो घेतले. घरी येऊन मोठे करून पाहिले. लिंगायत गळ्यातून कधी उतरवत नाहीत ती लिंगाची चांदीची डबी लख्ख, आणि डोळे, बटा सगळं धुरकट! मागचं शेत पुसट यावं म्हणून तिनं लेन्स पूर्ण उघडी ठेवली होती. पोर मान मागं टाकून हसलं की डबी पुढं यायची, आणि तिचा जुना कॅमेरा चकाकतं तेच आधी धरायचा. तिच्या स्वतःच्या गळ्यातही लहानपणापासून तशीच डबी, तरी हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

"मुद्दामच तसे काढलेत, नवी फॅशन हाय," म्हणून भागलं असतं. बरेच जण भागवतातही. ही मात्र जावळाच्या दिवशी सकाळीच कॅमेरा घेऊन दारात हजर. विरेश मामाच्या मांडीवर बसलेला, न्हावीकाकांनी कात्री काढलेली.

"थांबा काका. माझे फोटो बिघडलेत. चूक माझी हाय. परत काढायचेत."

विरेशचे आजोबा कल्याणप्पा भडकले. "मुहूर्त टळंल की! अन् डबी काढायची न्हाय, सांगून ठिवतो."

"काढू नका, अप्पा. डबीचा काय दोष? दहा मिनिटं द्या."

"अन् न्हाय जमलं तर?"

"तर उमरग्यात पुन्हा कुणाच्या लेकरापुढं कॅमेरा धरणार न्हाय."

शिवगंगेनं पोराला भावाच्या मांडीवरून उचललं आणि सासऱ्यांच्या देखत दाराबाहेर सोडलं.

नव्या साडीसकट शिवरंजनी रस्त्याच्या मातीत पालथी पडली. डबीबरोबर डोळे, बटाही स्पष्ट याव्यात म्हणून लेन्स थोडी मिटवली, फोकसचा ठिपका पोराच्या डोळ्यावर नेला आणि शिट्टी घातली. विरेश धावत आला, धडपडला, उठून पुन्हा आला. बघे हसत होते. तिनं मान वर केली नाही.

कल्याणप्पांनी चष्मा पुसून कॅमेऱ्यात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "एकेक केस दिसायलाय की गं पोरी," ते हळूच म्हणाले.

"काढा आता जावळ," शिवगंगा न्हावीकाकांना म्हणाली.

शिवरंजनीच्या दुकानाच्या दारावर आता विरेशचा फोटो आहे, हातभर मोठा. तो पहिला, धुरकट. कुणी हसलंच तर ती म्हणते, "व्हय, म्याच काढलाय. चांगला बघायचा असंल तर कल्याणप्पांच्या घरी जा."