अण्णांच्या हातचा चहा

रेंजवाले अण्णा चहाचा कप घेऊन ज्याच्या टेबलाकडे निघत, तो टेबलाचे खण आवरायला घेई. बाकीचे आपापल्या स्क्रीनमध्ये तोंड खुपसत आणि मनातल्या मनात म्हणत, सुटलो बुवा. चाकणच्या आमच्या कंपनीत गाड्यांचे सुटे भाग बनत आणि तिथलं वायफाय अण्णा सांभाळत. कुणाचं नेट जोडायचं ते काम त्यांचं, आणि कुणाचं तोडायचं तेही त्यांचंच. एखाद्याला कामावरून काढायचं ठरलं की आदल्या दिवशी एचआरकडून त्यांना निरोप येई, उद्या अमक्याचं बंद करा. हे कुणाजवळ बोलायची सोय नव्हती. मग हा माणूस कॅन्टीनमध्ये जाई, आलं ठेचून घालायला लावून एक स्पेशल चहा करून घेई आणि त्या बिचाऱ्याला स्वतः नेऊन देई. यातून कुणाला काही कळत नाही, असा अण्णांचा समज होता. सगळ्या प्लांटला कळत होतं.

अण्णा मूळचे भोसरी गावठाणातले. घरची जमीन कारखान्यांत गेली आणि ते स्वतः कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून लागले. मग कॉम्प्युटर आले तेव्हा त्यांनी केबली ओढल्या, केबली जाऊन वायफाय आलं तेव्हा तेही शिकून घेतलं. छताला लावलेल्या त्या पांढऱ्या डब्यांची ते गोठ्यातल्या जनावरांसारखी विचारपूस करत. ‘प्रेसशॉपचा डबा आज नाराज हाय,’ असं म्हणून शिडी खांद्यावर घेत. आम्ही हसायचो. पण रेंज गेली की सगळ्यांच्या तोंडी एकच नाव असे, आणि ते वायफाय बनवणाऱ्या कंपनीचं नसे.

नवा लॅपटॉप आला की तो अण्णांकडूनच जोडून घ्यावा लागे. डब्यातून काढलेला कोराकरकरीत लॅपटॉपसुद्धा ते आधी रुमालाने पुसत. पासवर्ड टाकायची वेळ आली की आपल्याला खुर्चीत बसवत आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहत. म्हणत, ‘दुसऱ्याचा पासवर्ड आन दुसऱ्याच्या घरातलं भांडान, दोन्हीकडं पाठ करावी.’ जोडून झालं की उघडा लॅपटॉप दोन्ही हातांवर तोलत, नैवेद्याचं ताट न्यावं तसे, थेट मशिनींपर्यंत जाऊन येत. रेंज कुठे पडते ते बघायला. ‘टेबलावर कुनाचंबी चालतंय. तिकडं चाललं तर खरं.’

एकदा कॅन्टीनचा चहा वाटणारा माणूस आला नव्हता, म्हणून अण्णांनी सहज, वाटेत होतं म्हणून, स्टोअरच्या साळव्यांना चहा नेऊन दिला. साळव्यांनी कप हातात घेतला आणि मटकन खाली बसले. त्यांना कंपनीच्या गाडीतून घरी पोचवावं लागलं. दोन दिवस रजेवर राहून ते परत आले तर नोकरी जागच्या जागी! त्यानंतर साळवे चहा सोडून ताकावर आले आणि अण्णा दिसले की रॅकच्या मागे जाऊ लागले. ‘यांना काय झालंय?’ म्हणून अण्णांनी मला विचारलं होतं. मी म्हटलं, पित्त.

तर अशा माणसाकडे मी माझा नवा लॅपटॉप घेऊन गेलो. आमच्या सगळ्या प्लॅनिंग सेक्शनला त्या आठवड्यात नवे लॅपटॉप मिळाले होते, त्यामुळे जो तो फुशारला होता. मी जरा जास्तच. माझी बायको शोभा आमच्या घराशेजारी, संत तुकाराम नगरजवळच्या शाळेत शिक्षिका. माझा रोजचा जाण्यायेण्याचा त्रास वाचावा म्हणून आम्ही चाकणला राहायला यायचं ठरवलं होतं, आणि त्यासाठी ती दुसऱ्याच दिवशी नोकरीचा राजीनामा देणार होती. तिची कायमची नोकरी, पण म्हटलं, कंपनी नवे लॅपटॉप देतेय म्हणजे माझं बस्तान बसलं. हे सगळं मी अण्णांना सांगत होतो आणि ते मान डोलावत त्यांच्या कॉम्प्युटरवर माझं नाव घालत होते.

नाव घातलं की नेट कधीपर्यंत चालू ठेवायचं हे तिथे भरावं लागतं. कायमच्या माणसांपुढे ती जागा रिकामी ठेवतात. अण्णांनी एचआरचा मेल उघडला, वाचला आणि त्यांचा हात थांबला. स्क्रीन त्यांनी हळूच माझ्याकडून वळवली. मग त्या रिकाम्या जागेत काहीतरी टाइप केलं.

‘वैनींनी राजीनामा दिला का?’

‘उद्या देणार आहे.’

‘न्हाई द्यायचा.’

‘का हो?’

‘चाकनला रेंज बरी न्हाई,’ एवढंच म्हणाले. चेहरा पार उतरला होता. लॅपटॉप जोडला, पण तो घेऊन फिरायला काही निघाले नाहीत. मिटून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, ‘बसा. आलोच.’

आले ते कप घेऊन. आल्याचा वास दारापासूनच आला. माझ्या एका हातात नवा लॅपटॉप आणि दुसऱ्या हातात तो चहा. या दोन गोष्टी एकाच माणसाला मिळालेल्या प्लांटमध्ये कुणी पाहिल्या नव्हत्या.

‘अण्णा, हे काय?’

‘गरम हाय तवर प्या,’ ते भिंतीकडे बघत म्हणाले. ‘इचारू नका, कांबळे.’

संध्याकाळी शोभाला सांगितलं. ती म्हणाली, ‘एका कपावर मी नोकरीचं ठरवू? त्यांना काही वाटलं असेल, घेऊन आले.’ मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मला दरदरून घाम सुटला होता. राजीनामा तिने दिला नाही. निदान दिवाळीपर्यंत थांबू म्हणाली.

यानंतरचे दिवस वाईट गेले. नव्या लॅपटॉपवर आम्ही सेक्शनचं सगळं काम, सगळ्या फायली दुसऱ्या राज्यातल्या प्लांटच्या माणसांना पाठवत होतो, आणि ते कशासाठी हे कुणी सांगत नव्हतं. अण्णा एकेक करून सगळ्यांना चहा देऊन गेले. आधी आम्ही चेष्टा केली, मग चेष्टा थांबली. लोक बाहेर नोकऱ्या शोधू लागले आणि ती कुणकुण वर गेली.

एचआरच्या मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. आवाज अगदी मऊ. ‘कांबळे, अण्णांनी तुम्हाला चहा दिला होता का?’

जन्मात कुणी मला असा प्रश्न विचारला नव्हता, आणि इतकी भीतीही कधी वाटली नव्हती. म्हटलं, ‘मॅडम, मी चहा पीत नाही.’ समोर त्यांनी माझ्यासाठी मागवलेला कप होता. त्यावर साय धरेपर्यंत मी हात मांडीवरच ठेवले. बाकीच्यांना काय विचारलं आणि त्यांनी काय सांगितलं, कुणास ठाऊक.

आमचा सेक्शन दिवाळीनंतर बंद झाला, आणि पुढचं वर्ष आमचं घर शोभाच्या शाळेवर चाललं. ती नोकरी नसती तर काय झालं असतं, या विचाराने मी अजूनही दचकतो. पण अण्णांना त्याआधीच काढलं. भर दुपारी दोन गार्ड त्यांना घेऊन आमच्या टेबलांमधून चालले होते. दोघांचे फोन अण्णांनीच कधी ना कधी नीट करून दिलेले. त्यामुळे ते बिचारे खाली मान घालून चालत होते. अण्णा माझ्यापाशी थांबले.

‘वैनी शाळंत हायत न्हवं?’

‘आहेत.’

‘मग झालं.’

मी उठलो आणि त्यांच्याबरोबर चालू लागलो. कुणी अडवलं नाही. गेटवर त्यांनी ओळखपत्र गळ्यातून काढून दिलं. मला राहवेना. म्हटलं, ‘अण्णा, आमच्यापायी झालं हे.’

‘तुमच्यापायी कशाला?’ ते म्हणाले. ‘मी जोडायच्या कामाला लागलो व्हतो. त्यांनी तोडायचंबी माझ्याकडंच दिलं, तितं माझा हात चालंना.’

मग रस्ता ओलांडून ते भोसरीच्या बसला गेले.