दप्तर कुठे आहे

शर्टाच्या कारखान्यात काजं-बटणं करण्यात तिची सत्तावीस वर्षं गेली, आणि तिची स्वतःची शाळा चौथीतच सुटलेली. तरी सगळी गल्ली तिला हजेरीबाई म्हणायची. कारखान्यातलं काम सुटल्यावर घरी बसून सुनेच्या चुका काढण्यापेक्षा बरं, म्हणून ती शाळेला मदत करणाऱ्या मंडळात जाऊ लागली. सलग आठ दिवस वर्गात न दिसलेल्या मुलांची यादी मंडळाला मिळायची आणि हजेरीबाई एकेकाच्या घरी जाऊन थडकायची.

दारातून बोलून परत येणं तिला मान्यच नव्हतं. "उंबऱ्यावरून सगळे गोडच बोलतात," असं ती मंडळात नव्याने आलेल्या, औषधाच्या दुकानात काम करणाऱ्या मुलीला शिकवायची. "आत जायचं आणि दप्तर कुठे आहे ते बघायचं. जमिनीवर असलं तर पोर उद्या येणार. खुंटीवर गेलं असेल तर आपल्याला आठ-दहा खेपा. माळ्यावर गेलं, की घरच्यांनी मनातून नाव कापलं म्हणून समज. आणि ते काय सांगतात ते मनावर घ्यायचं नाही. चार दिवसांचा तर प्रश्न आहे, हे सगळेच म्हणतात."

बाई तोंडाची फटकळ होती. इस्त्रीवाल्याची मुलगी अंथरुणाला खिळलेल्या आजीसाठी घरी राहायची, तेव्हा हिने थेट त्या म्हातारीलाच सुनावलं, "तुम्हाला काय, पडूनच राहायचंय. तेवढ्यासाठी पोरीचं वर्ष कशाला खाता?" म्हातारीने भिंतीकडे तोंड केलं. तिसऱ्या दिवशी मुलगी वर्गात हजर. हजेरीबाईने यादीवर बरोबरची खूण केली आणि महिनाभर ती गोष्ट भेटेल त्याला ऐकवली. मुलगी शाळेत असताना म्हातारीचं कोण करतं, हे विचारायचं तिला सुचलं नाही. खरं सांगायचं तर सुचलं होतं, पण ते यादीत नव्हतं.

मग एका सकाळी वेणी घालताना तिच्या हातून फणी गळून पडली. अर्धांगाचा झटका. उजवी बाजू गेली, बोलणं राहिलं, तेही अडखळत. मुलगा ट्रकवर, पंधरा-पंधरा दिवस बाहेर. सून इस्पितळाच्या लाँड्रीत. तिथे चार खाडे पडले, की दुसरी बाई तयारच. उरली सातवीतली नात.

"चार दिवसांचा तर प्रश्न आहे," सून म्हणाली.

हजेरीबाई भांडली. बोबड्या जिभेने शिव्यासुद्धा दिल्या. शेवटी नात एक दिवस शाळेत गेली. त्या दिवशी सकाळी नऊला अंथरूण ओलं झालं आणि दोन वाजेपर्यंत बाई त्यातच पडून राहिली. पाण्याचा तांब्या हातभर लांब होता. तिला इस्त्रीवाल्याची म्हातारी आठवली आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण शरमेपेक्षा भीती मोठी निघाली. दुसऱ्या दिवशी तिने नातीला जा म्हटलं नाही.

दप्तर आधी खाटेपाशी जमिनीवर होतं. मग केर काढताना मध्ये येतं म्हणून खुंटीवर गेलं आणि त्यावर सुनेचा टॉवेल वाळू लागला. दीड महिन्याने खुंटी औषधांच्या पिशवीला लागली, तेव्हा नात स्टुलावर चढली आणि तिने दप्तर माळ्यावर सरकवलं. आजीचा दप्तराचा नियम तिलाही पाठ होता. खाली उतरून ती आजीकडे बघत थोडा वेळ उभी राहिली. आजीने डोळे मिटून घेतले.

बाईंचं घर म्हणून शाळेने मंडळाला नातीचं नाव कळवायला उशीर केला, पण शेवटी कळवलं. औषधाच्या दुकानातली मुलगी मोसंबी घेऊन आली. शिकवल्याप्रमाणे आत आली खरी, पण बाईंच्याच घरात इकडे-तिकडे काय बघायचं, म्हणून स्वतःच्या पावलांकडे बघत बसली.

"बाई, यादीत तुमच्या नातीचं नाव आलंय. चुकून आलं असेल. म्हटलं, आधी तुम्हालाच विचारावं."

नात ओट्यापाशी वाटीत भात कालवत होती. तिचा हात थांबला. आजीने एक शब्द बोलायचा अवकाश, ही मुलगी तिला सोमवारी वर्गात नेऊन बसवल्याशिवाय राहणार नव्हती. हजेरीबाईला ते पक्कं ठाऊक होतं. तिनेच तर तिला तयार केलं होतं. नातीची नजरही तिला कळत होती. पण तिच्या डोळ्यांसमोर तो तांब्या आला.

"जाते ती," हजेरीबाई म्हणाली. "आता... माझ्यामुळे राहिलीय. चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

मुलीला हायसं वाटलं. तिने कागदावर बरोबरची खूण केली, नातीच्या डोक्यावर हात ठेवला आणि निघून गेली.

नातीने दार लावलं. वाटी घेऊन ती खाटेवर बसली, आजीच्या हनुवटीखाली फडकं खोचलं आणि चमचा भरला.

"आ कर," ती म्हणाली.

आजीने आ केला.