कवेलूखालचा उजेड

सिंधूताईंच्या अंगणातला कडुनिंब चैत्रातल्या वादळात मुळासकट आडवा झाला. घरावर पडला नाही म्हणून वस्तीतल्या सगळ्यांना हायसं वाटलं. सिंधूताई मात्र उघड्या पडलेल्या अंगणाकडे पाहत दारातच खाली बसल्या.

त्या झाडाखाली त्यांनी एकोणीस वर्षं विड्या वळल्या होत्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या पोत्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. विडीचं पान मऊ लागतं. वाळलं की वळताना कडेला तडकतं, आणि तडकलेली विडी कारखान्याचा मुन्शी बाजूला फेकतो. कडुनिंबाखाली पान संध्याकाळपर्यंत नरम राहायचं आणि बांधायचा दोराही स्वच्छ दिसायचा. गारवा आणि उजेड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना झाड पडेपर्यंत कळलंच नव्हतं.

घरात दिवसाही अंधार. वीज अजून चौकापर्यंतच आलेली. म्हणून त्या उघड्या अंगणातच डोक्यावर ओला पदर घेऊन बसू लागल्या. नागपूरचा वैशाख पानाला तास-दोन तासही टिकू देईना. दुसऱ्या आठवड्यात मुन्शीने त्यांच्या विड्यांची टोपली बोटांनी चाळवली.

"बाई, ह्या विड्या हायेत का पापड?" रांगेतल्या बाया हसल्या. तो पुढे म्हणाला, "हात थकला असंन तर घरी एवढी मोठी पोरगी हाय नं? बसव तिले जोडीले. असाच माल आला तर तुयं नाव काढून दुसरीले देईन."

पोरगी म्हणजे प्रेमिला. यंदा मॅट्रिकला बसली होती, निकाल जूनमध्ये लागायचा होता. सिंधूताईंच्या मांडीवर सुपाची कड रुतून रुतून एक काळा वण पडला होता; आठव्या वर्षी आईने सूप दिलं तेव्हापासूनचा. छप्पन साली पांढरं लुगडं नेसून, दोन वर्षांच्या प्रेमिलाला कडेवर घेऊन त्या दीक्षेला गेल्या होत्या. त्या गर्दीत उभ्या असताना पोरीची मांडी हाताला लागली, आणि हिच्या मांडीवर वण पडू द्यायचा नाही, एवढं एकच त्यांनी स्वतःशी ठरवलं होतं. बाकीचं काही मागायचं त्यांना सुचलं नव्हतं.

आता अंगणावर छपरी घालायची ठरली. कशाची घालायची ते पानानेच सांगावं, म्हणून त्यांनी एका सकाळी एकसारखी पानं भिजवली, तीन फडक्यांत बांधली आणि निघाल्या. एक पुडकं शेजारच्या कांताबाईंच्या टिनाखाली, दुसरं चंपतरावांच्या सिमेंटच्या पत्र्याखाली, तिसरं विहाराच्या कौलारू पडवीत, कवेलूखाली.

"काहून वं सिंधू, पोरगी दाखवाले नेल्यासारखी पानं घरोघर फिरवून राहिली?" कांताबाईंनी विचारलं.

"स्थळ पाहून राहिली बाई. तुयं टिन लय तापट हाय म्हणतात."

"तापट तर तापट, पण वानरं नाचले तरी फुटत नाही. कवेलूचा काय भरोसा!"

तीन वाजता गिरणीचा भोंगा झाला तशा त्या पुन्हा निघाल्या. टिनाखालचं पान हातात घेताच मोडलं. सिमेंटखालचं दुमडलं, पण कडेला चिरलं. विहाराच्या पडवीत त्यांनी तिसरं पुडकं सोडलं, पान कानाशी नेलं आणि वळलं. आवाज आला नाही. धुतलेल्या फडक्यासारखं ते बोटांभोवती बसलं.

मग सवयीने त्या पानाची शीर शोधू लागल्या. शीर दिसेना. कवेलूची उतरती कड खाली आलेली, आत संध्याकाळ झाल्यासारखं. गेली दोन वर्षं त्यांची नजर विझत चालली होती, हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. त्यांनी अंगठ्याने शीर चाचपली, पान फडक्यात ठेवलं आणि घरी आल्या.

घरधनी देवराव गिरणीतून येऊन हातपाय धूत होते. सगळं ऐकून म्हणाले, "टिनच टाकू वं. उंच बांधू, उजेड राहीन. कवेलूची कड डोक्याले लागते. गुफा होऊन जाईन आंगनाची."

"गुफेतच गार राहते जी. टिनाखाली पान टिकत नाही."

"अन् तुले दिसते?"

त्यांनी सहजच विचारलं होतं. पंच्याने तोंड पुसता पुसता ते थांबलेही होते. सांगायचं असतं तर तेवढाच क्षण होता.

"दिसते नं," सिंधूताई म्हणाल्या. "आठव्या वर्षापासूनचा हात हाय. डोळे कशाले लागते?"

चार दिवसांत छपरी उभी राहिली. बांबू, रिपा आणि वर नवी लाल कवेलू. देवरावांनी कुठून तरी काचेचं एक कवेलू आणलं आणि मधोमध बसवलं. आत पाऊल टाकलं की गारवा अंगावर यायचा. कांताबाईसुद्धा दुपारी हातातलं काम घेऊन येऊन बसू लागल्या.

काचेतून उन्हाचा एक चौकोन जमिनीवर पडायचा. सिंधूताई त्याच्यात सूप धरून बसत. त्या उजेडात दोरा दिसे, पण त्याच उन्हात सुपातलं पान तडकू लागे. सावलीत सरकल्या की पान नरम, पण दोरा दिसेनासा. चौकोन दिवसभर पूर्वेकडे सरकायचा आणि त्याही त्याच्यामागे सरकत, अर्धं सूप उन्हात, अर्धं सावलीत. शेवटी त्यांनी ऊन सोडलं आणि नुसत्या बोटांनी वळू लागल्या. पान एकही तडकलं नाही. दोरे मात्र सैल बसले, मुन्शीच्या हातात विड्या उलगडल्या. त्याने आठवडाभराची मुदत दिली.

निकाल लागला त्या दिवशी प्रेमिला धावतच आली. "माय, पास झाली मी!" सिंधूताईंनी तिचं तोंड कुरवाळलं. देवराव बर्फी आणायला गेले.

प्रेमिला आईशेजारी बसली आणि टोपलीतली एक विडी उचलून सहज बोटांत फिरवली. दोरा सुटला. दुसरी उचलली, तिचाही सुटला. मग ती बराच वेळ आईच्या हातांकडे पाहत राहिली. हात पान चाचपत होते. डोळे समोर, अंगणापलीकडे कुठेतरी होते.

"माय, हा दोरा कोणत्या रंगाचा हाय?"

सिंधूताईंचे हात थांबले. नेहमी लालच असतो म्हणून त्या म्हणाल्या, "लाल."

ह्या खेपेला कारखान्याने काळा दिला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिंधूताई पाणी भरून आल्या, तर छपरीत पानं कापायच्या कात्रीचा आवाज. त्यांनी हंडा खाली ठेवला.

"सूप ठेव ते, प्रेमे."

"थोडेच दिवस, माय. कॉलेज पुढच्या सालीही राहीन."

"ठेव म्हणलं नं मी!"

कात्री चालूच राहिली. सिंधूताई भिंतीला धरून तिच्याशेजारी बसल्या, टोपलीतून एक विडी उचलली आणि नखाने दोरा ओढून पाहिला. पक्का बसला होता. पानाला कुठे चीर नव्हती. त्यांनी दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. मग हात पुढे करून पोरीच्या मांडीवरच्या सुपाची कड चाचपली आणि आपला पदर घडी करून त्या कडेखाली सरकवला.